अंतरात एक मिळवा

परीक्षा आणि रंगपंचमी एकाच पंधरवड्यात यावी ही व्यवस्था कुणी केली कोण जाणे, पण आमच्या उज्जैनात तरी ती पक्की आहे. बाकीच्यांची होळी धुळवडीला संपते, माळव्याची तेव्हा कुठे सुरू होते. मुलं एका हातात गाईड आणि दुसऱ्या हातात पाण्याचा फुगा घेऊन फिरतात, आणि पंचमीला सगळं गाव रस्त्यावर येतं. बाहेर गहू काढणीला आलेला असतो. वाऱ्यात भुसा असतो, कडुनिंबाची जुनी पानं अंगणात पडत असतात, आणि दुपारी अशी काही झोप येते की पेपर गेला खड्ड्यात असं वाटतं. मला हा मोसम लहानपणापासून आवडतो. वसंत म्हणजे आंब्याचा मोहोर आणि कोकिळा असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. माझा वसंत म्हणजे भुसा, शाई आणि कानामागे राहून गेलेला हिरवा रंग.

नानाखेड्याच्या आमच्या घरात यंदाही तेच चाललंय. फरक एवढाच की माझी मुलगी इरा अभ्यासाच्या टेबलावर बसून बॉम्ब फोडतेय. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला तिला प्रोजेक्ट म्हणून एक व्हिडिओ गेम करायचाय. गेम तयार करायचं सॉफ्टवेअर हल्ली आयतं मिळतं, त्याला इंजिन म्हणतात. त्यात डोंगर, झाडं, पाऊस, गुरुत्वाकर्षण सगळं आधीच भरलेलं असतं. कोणी काय केलं की काय व्हावं, तेवढं आपण लिहायचं. इराला लिहायचं होतं ते असं : बॉम्ब पडला की ठरावीक घेरात जे कोणी असतील त्या सगळ्यांना इजा व्हावी. जवळच्याला जास्त, लांबच्याला कमी, घेराबाहेरच्याला काहीच नाही.

"आई, इकडे ये ना जरा. हा बघ, भिंतीमागे उभा आहे तरी मरून राहिलाय."

मी गॅस बारीक करून गेले. खरंच, चांगली दगडी भिंत होती, तिच्याआड एक शिपाई बिचारा आपला उभा होता, आणि पलीकडे बॉम्ब फुटला की हा अलीकडे आडवा होत होता.

"आणि ह्या दुसऱ्याला डबल लागून राहिलंय. का ते समजत नाहीये."

"एकाच माणसाला दोनदा मोजत असशील," मी म्हणाले.

तिनं शोधलं, आणि निघालं तसंच. त्या शिपायाचं डोकं इंजिनाला वेगळं दिसत होतं आणि धड वेगळं. घेरात सापडलेले तुकडे ते मोजत होतं, माणसं मोजत नव्हतं. इरानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मला फार आवडली, खोटं कशाला बोलू. आई कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते हे तिला माहीत आहे, पण आईला बॉम्बमधलं काही कळत असेल ही शक्यता तिनं धरली नव्हती.

"तुला कसं काय माहीत?"

"मीसुद्धा केला होता असा एक. आमचा रंगाचा होता."

ती हसली आणि परत भिंतीकडे वळली. मी मात्र पोळी करपेपर्यंत तिथेच उभी राहिले. खिडकीतून भुसा मिसळलेला वारा येत होता, आणि मला फ्रीगंजातला तो वरचा मजला दिसायला लागला होता.

तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. नव्वदीची सुरुवातीची वर्षं. टावर चौकात रोज एखादं नवं दुकान उघडत होतं, गल्लोगल्ली एसटीडी बूथ झाले होते, गच्च्यांवरून केबलच्या तारा लोंबत होत्या, आणि जी भिंत रिकामी दिसेल तिच्यावर 'कम्प्यूटर सीखिए, भविष्य बनाइए' असं रंगवलेलं असायचं. भार्गव सरांचा क्लास जोड्यांच्या दुकानावर होता. खाली जोडे विकले जात आणि वर जाताना ते काढून ठेवावे लागत, कारण कॉम्प्युटरच्या खोलीत धूळ चालत नसे. आत मोजकी यंत्रं होती. सरांच्या बायकोनं भैरवगढच्या छापाची चादर कापून प्रत्येक यंत्राला झाकण शिवलं होतं, त्यामुळे क्लास सुटला की ती खोली पाहुण्यांची अंथरुणं घालून ठेवल्यासारखी दिसायची. सर सकाळी येऊन आधी उदबत्ती लावायचे आणि मग मेन स्विच. आणि तिथे एसी होता. मार्चच्या दुपारी आम्ही किती विद्येसाठी जात होतो आणि किती एसीसाठी, याची चौकशी न केलेली बरी.

त्या मोसमात सरांच्या डोक्यात एक कल्पना आली. रंगपंचमीच्या आधीच्या रविवारी पालकांना बोलवायचं आणि मुलींनी, मुलांनी केलेले प्रोग्राम दाखवायचे. "घरवालों को भी तो दिखे कि बच्चे यहाँ करते क्या हैं," ते म्हणाले. कुणी पगाराचा हिशेब करणारा प्रोग्राम घेतला, कुणी रेल्वेचं वेळापत्रक. मी रंगपंचमी घेतली.

तेव्हा आम्ही बेसिक नावाच्या भाषेत लिहायचो. चित्रं काढायची म्हणजे फार उपद्व्याप होता, म्हणून माझी माणसं अक्षरांचीच होती. काळ्या पडद्यावर ए म्हणजे आई, बी म्हणजे बाबा, एस म्हणजे मी शुभा, आणि बाकी गल्लीतली अक्षरं. ती सगळी आपापली इकडेतिकडे फिरायची. बाणाच्या बटनांनी एक फुली सरकवायची, एन्टर दाबलं की फुलीच्या जागी फुगा फुटायचा, चांदण्या उडायच्या, आणि घेरातल्या प्रत्येकाला किती रंग लागला ते खाली लिहून यायचं. शंभर गुण म्हणजे पुरता भिजला.

पहिल्यांदा केलं तेव्हा रंग चौकोनात उडाला. मी आडवं अंतर वेगळं बघत होते, उभं वेगळं, त्यामुळे कोपऱ्यातल्या लांबच्या माणसालाही लागत होतं. मग शाळेतला कर्णाचा नियम आठवला आणि सरळ अंतर काढलं. तरी पडद्यावर घेर उभट दिसे, कारण पडद्यावरची अक्षरं रुंदीपेक्षा उंच होती. सर मागे येऊन उभे राहिले. "ये गोला है कि अंडा?" त्यांनी विचारलं. ते अंडं गोल करण्यात माझे दोन पेपरांचे अभ्यास गेले. रसायनशास्त्रात मला जे काही मिळालं त्याचं खापर मी अजून त्या अंड्यावर फोडते.

रंगाचा हिशेब सोपा ठेवला होता. शंभराला अंतरानं भागायचं. एक घर लांब असेल त्याला शंभर, दोन घरं लांब त्याला पन्नास, चार घरं त्याला पंचवीस. जो आकडा येईल त्याला प्रोग्राममध्ये नाव द्यावं लागतं. इरानं तिच्या आकड्याला 'डॅमेज' म्हटलंय, सगळं जग तसंच म्हणतं. मी तेव्हा इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'लागला'. मला दुसरं काही सुचलंच नाही. रंग लागतो तसा मारही लागतो, ठेच लागते, भूक लागते, झोप लागते, एखाद्याचा जीव लागतो. आमच्या अर्ध्या हिंदी घरात 'लगना' म्हणा की लागणं म्हणा, जे काही बाहेरून येऊन माणसाला चिकटतं त्याला हा एकच शब्द होता. त्यात नुकसान किती आणि आनंद किती हे शब्दावरून कळत नाही, कुणी कुणाला लावलं त्यावरून कळतं. मला अजूनही वाटतं की डॅमेजपेक्षा माझं नाव बरं होतं.

आता त्या वर्षी आमच्या घरात काय चाललं होतं ते सांगायला हवं.

बाबा सरकारी ऑफिसात बिलांच्या विभागात होते. त्यांचं अक्षर असं होतं की ऑफिसातली मंडळी लग्नाच्या पत्रिकांवरची नावं त्यांच्याकडून लिहून घेत. आकडेमोड तोंडी. कधी खाडाखोड नाही. आणि नव्या आर्थिक वर्षापासून त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर येणार होता. साहेबांनी त्यांना सांगितलं होतं की शिकून घ्या, नाहीतर तालुक्याच्या लहान ऑफिसात एक जागा रिकामी आहे, तिथे अजून काही वर्षं हातानंच चालणार, हवं तर तिकडची बदली मागून घ्या. काय ते मार्चअखेर कळवा.

बाबांनी बदलीचं ठरवत आणलं होतं. तसं ते बोलले नव्हते, पण त्यांनी आईला विचारलं होतं की तिकडे पाणी कसं आहे ते तुझ्या मावसबहिणीला माहीत असेल ना. आई समजायचं ते समजली. तिचं सगळं आयुष्य फ्रीगंजात होतं. तिच्याकडे आठवड्यातून दोनदा बायका गाणं शिकायला यायच्या, गणपतीत मराठी मंडळींचा कार्यक्रम ती बसवायची, भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे तिला नावानं ओळखायचे. माझं कॉलेज होतं. मला वसतिगृहात ठेवून दोघं जाणार, असं काहीतरी शिजत होतं.

"मी काही बोलून राहिले नाही," आई मला म्हणायची. "त्यांना तिथे बरं वाटणार असेल तर जायचं." आणि मग हार्मोनियमवरची खोळ काढायची आणि न वाजवता परत घालायची.

बाबांना भीती वाटत होती, आणि ती कशाची हे कळायला मला वेळ लागला. काम कठीण असेल याची नव्हती. ऑफिसात कुणीतरी पसरवलं होतं की दुसऱ्या शहरात एकानं भलतंच बटन दाबलं आणि महिन्याभराचं सगळं काम उडून गेलं. खरं-खोटं देव जाणे. पण ज्या माणसानं कधी खाडाखोड केली नाही त्याला एका बोटाच्या चुकीनं सगळं पुसलं जाऊ शकतं हे ऐकून झोप लागेना. आणि आजूबाजूला सगळी नवी, तरुण मंडळी. ती हसतील.

इराच्या बॉम्बवरून मला हे आठवलं ते भिंतीमुळे. बाबा रागावणारे नव्हते, गप्प बसणारे होते. पण ती काळजी भिंतीतून आरपार जायची. स्वयंपाकघरात आईला पुरती लागायची, आतल्या खोलीत मला निम्मी, आणि वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंपर्यंतही थोडी पोचत असावी, कारण त्या उगाचच खाली येऊन "सब ठीक है ना?" विचारून जायच्या.

रविवारी मी दोघांना घेऊन गेले. आईनं ठेवणीतली साडी नेसली होती. बाबांनी खाली जोडे काढले, मोजेही काढले, आणि वर जाऊन खोलीच्या दारात असे उभे राहिले की आता हात जोडतात की काय असं मला वाटलं. माझ्या मनात एक बेत होता. तो मी कुणाला सांगितला नव्हता. बाबांनी एकदा त्या बटनांना हात लावावा. पगाराच्या हिशेबाला ते हात लावणार नाहीत, पण रंगपंचमीला लावतील.

मी आधी खेळून दाखवलं. मी उतावळी, तेव्हाही आणि आताही. फुली माणसाच्या आसपास नेली की मी दाबून मोकळी. दोन घरं इकडे पडला काय आणि तिकडे पडला काय, घेर होताच. गल्लीतली अक्षरं भिजत गेली, आई कौतुकानं बघत राहिली, सरांनी मान डोलावली.

"बाबा, आता तुम्ही."

"मी कशाला? चांगलं चाललंय तुझं."

"आइए अंकल," भार्गव सर खुर्ची ओढत म्हणाले. "मशीन काटती नहीं है."

बाबा बसले. मी त्यांना बाणाची बटनं दाखवली. एकेक बटन ते बोटाच्या टोकानं दाबायचे आणि लगेच हात उचलायचे. फुली सरकली. पडद्यावर आपण दाबलं तसं काहीतरी हललं, हे बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. मग ते जरा पुढे सरकून बसले.

फुली गल्लीतल्या अक्षरांना ओलांडून पुढे चालली. माझ्या एसजवळून गेली, थांबली नाही. मग मला कळलं की बाबा ए शोधतायत. ए पडद्यावर फिरत होती, बाबांची फुली तिच्या मागे मागे. ती वर गेली की हे वर, ती डावीकडे वळली की हे डावीकडे. जवळ येऊनही ते दाबेनात. मी असते तर कधीच दाबलं असतं. पण बाबांना आसपास चालत नसे, त्यांना नेमकं लागायचं. आई माझ्या शेजारी उभी होती, आणि ती लाजली होती हे मला तिच्याकडे न बघताही समजत होतं. आमच्याकडे रंगपंचमीला बाबा घरात बसून वर्तमानपत्र वाचायचे. बाहेर जाऊन बायकोला रंग लावणं वगैरे त्यांच्यात बसणारं नव्हतं.

फुली ए वर आली. बरोब्बर वर. बाबांनी एन्टर दाबलं.

यंत्रानं भों केलं. काळा पडदा, माणसं, गल्ली सगळं गेलं. त्या जागी निळा पडदा, मधे एक चौकट आणि तिच्यात इंग्रजीतली एक ओळ.

खोलीतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. बाबा खुर्चीवरून उठले. दोन्ही हात त्यांनी छातीशी घेतले होते, भांड्याचा चटका बसल्यावर घेतात तसे.

"मी फक्त तेच बटन दाबलं," ते म्हणाले. "तू सांगितलं तेच."

"एवढ्या वर्षांत एकदा रंग लावायला निघाले," आई म्हणाली, "आणि मशीनच बंद पाडलं."

सगळे हसले. आई वातावरण हलकं करायला बोलली होती, एरवी बाबाही हसले असते. त्या दिवशी नाही हसले. सर म्हणत होते की कुछ नहीं हुआ अंकल, मीही तेच सांगत होते, पण बाबा जोडे घालायला खाली गेलेसुद्धा. घरी जाताना टावर चौकात आईनं पोहे-जिलेबी घेऊ म्हटलं तर ते म्हणाले, तुम्ही घ्या. मला रडू येत होतं. माझ्या हुशारीनं मी त्यांना त्या खुर्चीत बसवलं होतं आणि चार लोकांसमोर त्यांना ज्याची भीती होती नेमकं तेच घडवून आणलं होतं. बदलीचा अर्ज उद्याच जाणार हे मला स्वच्छ दिसत होतं.

चूक काय होती ते मला चौकट दिसताच समजलं होतं. मी शंभराला अंतरानं भागत होते. फुगा माणसाच्या शेजारी पडला तर अंतर एक, दोन, तीन. पण फुगा माणसावरच पडला तर अंतर शून्य, आणि शून्यानं भागता येत नाही. यंत्र तिथे थांबतं आणि तसं सांगतं. इतक्या दिवसांत माझ्या हातून हे कधी झालंच नव्हतं, कारण माझा नेम कधी इतका लागलाच नव्हता. सगळ्या गल्लीला भिजवायची सोय मी केली होती. ज्याच्यावर रंग थेट पडेल त्या एका माणसाची सोय राहून गेली होती.

संध्याकाळी बाबांनी मला हाक मारली. हातात वर्तमानपत्र होतं, पण ते वाचत नव्हते.

"शुभे, ते काय झालं होतं?"

मी वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीनं मांडून दाखवलं. फुली, ए, मधलं अंतर, भागाकार. ते बिल तपासावं तसं बघत राहिले.

"म्हणजे चूक तुझी होती."

"हो, बाबा."

"मशीनची नाही."

"नाही."

त्यांनी पेन्सिल माझ्या हातातून घेतली. "आणि माझी पण नाही."

"तुमची कशी असेल? तुम्ही तर नेमकं मारलं."

"मग त्यानं तसं सांगायला नको का? नुसता भोंगा वाजवला."

"सांगितलं होतं ना. त्या चौकटीत लिहूनच आलं होतं, शून्यानं भागलंय म्हणून. आणि कुठल्या ओळीत चुकलंय तेही दाखवलं होतं. तुम्ही वाचलंच नाही, आधी उठलात."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "असं लिहून येतं?"

"दरवेळी येतं."

"आणि मग जे आधी केलेलं असतं ते सगळं?"

"ते जिथल्या तिथे असतं, बाबा. चूक दुरुस्त करायची आणि परत चालवायचं. मी दिवसातून कितीतरी वेळा पाडते बंद."

"रोज?"

"रोज."

हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या सरांसकट ज्याला त्याला हे इतकं साधं वाटत होतं की सांगण्यासारखं त्यात काही आहे असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. बाबांना वाटत होतं की ते यंत्र चालवणाऱ्या लोकांकडून चुका होत नाहीत, म्हणून तर ती पोरं एवढी धडाधड बटनं दाबतात. मी रोज चुकते असं त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचे खांदे खाली आले. मला आजही असं वाटतं की मी त्यांना जन्मात जे काही दिलं त्यात हे सगळ्यात उपयोगी होतं.

दोन दिवसांनी ते ऑफिसातून परस्पर क्लासवर आले. मी तिथे होतेच. दुरुस्ती म्हणजे एका चिन्हाचं आणि एका आकड्याचं काम होतं : भागण्याआधी अंतरात एक मिळवायचा. मग फुगा अगदी डोक्यावर पडला तरी भागायला एक असतोच, आणि रंग लागतो पुरता शंभर. शेजारच्याला पन्नास. यंत्राला वाटतं दोघांमध्ये एक पाऊल आहे, आणि ते खुशीनं पुढे चालतं. हे एकाचं प्रकरण मी पुढे कितीतरी वर्गांना शिकवलं, आणि शिकवताना मला दरवेळी माझे आईबाबाच डोळ्यांसमोर येत. एका ताटात जेवतील इतके जवळ, आणि तरी बाबा तिला लोकांसमोर नावानं हाक मारत नसत. त्या एका पावलानं त्यांचं काही अडलं नाही.

बाबांनी फुली सरकवली, ए ला गाठलं, नेमकं वर नेलं आणि दाबलं. खाली लिहून आलं, आईला रंग लागला, शंभर. इंग्रजी अक्षरांतलं मराठी. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"परत लावू?" मला विचारलं.

"लावा की."

त्यांनी गल्लीतल्या इतर कुणालाच लावला नाही.

त्या रंगपंचमीला बाबांनी अंगणात येऊन आईला रंग लावला असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण नाही लावला. ते घरात वर्तमानपत्र वाचत बसले, आई गल्लीतल्या बायकांबरोबर हिरवीगार होऊन आली, मी गैर, म्हणजे आमच्याकडची रंगाची मिरवणूक, बघायला गेले आणि जांभळी होऊन आले. मिरवणुकीतल्या टँकरनं असा काही फवारा मारला होता की घेर वगैरे काही राहिलंच नाही, सगळ्यांना सगळंच लागलं. दुपारी तिघं जेवलो. बाबा आईला म्हणाले की कानामागे राहिलाय अजून. एवढंच.

बदलीचं काय झालं हे ते सांगत नव्हते आणि आम्ही विचारत नव्हतो. मार्च संपला. आई रोज संध्याकाळी फाटकाकडे बघायची. मावसबहिणीचं पत्र आलं होतं की पाणी गोड आहे, या. ते पत्र आईनं देवापाशी ठेवलं होतं, आणि मला समजेना की ती काय मागून राहिली आहे.

"आई, तो भिंतीमागचा वाचला," इरा आतून ओरडली. तिनं उत्तर शोधलं होतं. बॉम्बपासून माणसापर्यंत एक सरळ रेष धरायची आणि वाटेत भिंत आली तर त्याला वगळायचं. मी जाऊन बघून आले. शिपाई खरंच उभा होता, भिंतीला टेकून, मजेत. मी तिला शाबासकी दिली. मग विचारलं, "आणि फेकणाऱ्याला लागतं का गं?"

"नाही, त्याला मी आधीच वगळलंय. नाहीतर खेळणारा वैतागतो."

आमच्यात फेकणाराही भिजायचा, मी म्हणाले. तिनं मान हलवली, म्हणजे ऐकलं नाही. मी परत खिडकीशी आले. समोरच्या मैदानात पोरांनी अभ्यास सोडून बादल्या भरायला घेतल्या होत्या, आणि पंचमीला अजून अवकाश होता.

त्या साली एप्रिलात नव्या आर्थिक वर्षाच्या कामाला सुरुवात झाली त्या दिवशी बाबा नेहमीपेक्षा जरा उशिरा आले. जोडे काढले. पाय धुतले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पाटावर बसले. आई चहा गाळत होती, मी दारात. आम्हा दोघींनाही विचारायचं होतं, आणि दोघींनाही धीर होत नव्हता.

"आज दोनदा बंद पडलं," बाबा म्हणाले.

आईच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "अहो, मग?"

"मग काय," बाबा म्हणाले, आणि त्यांनी कपासाठी हात पुढे केला. "काय लिहून आलंय ते वाचलं, आणि परत चालू केलं."